गोदाम भरलेलं, तरी ऑर्डरी अर्ध्या: पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुटवड्याचं निदान

लक्षण ओळखीचं आहे. गोदामात पाय ठेवायला जागा नाही, रॅकमधल्या वाटांवरसुद्धा पॅलेट उभी, आणि तरी डिस्पॅचच्या टेबलावर रोज दोन-चार ऑर्डरी अर्ध्या अडकलेल्या. महिन्याच्या आढाव्यात मात्र सगळं हिरवं: फिल रेट (मागितलेल्यापैकी किती माल दिला) ९५ टक्के, साठा ५२ दिवसांचा, वेळेवर डिलिव्हरी ९४ टक्के. विक्रीवाले म्हणतात माल मिळत नाही. स्टोअरवाले स्क्रीन दाखवतात, माल आहे. खरेदीवाले पीओचा, म्हणजे खरेदी ऑर्डरचा, नंबर पुढे करतात. शेवटी कोणीतरी वैतागून सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठीचा राखीव साठा, सरसकट २० टक्क्यांनी वाढवतं. थोडे दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तोच तुटवडा, बहुतेक त्याच वस्तूंचा, फक्त गोदाम आणखी भरलेलं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

असा तुटवडा हटत नाही याचं कारण बहुतेक वेळा साठ्याच्या रकमेत नसतं, आकडा मोजण्याच्या जागेत असतं. कुठे मोजला, कोणत्या क्षणी मोजला आणि कशाने भागला, हे तीन प्रश्न प्रत्येक आकड्याला विचारायचे. आणि विचारायचा क्रमही महत्त्वाचा: आधी नोंदी, मग सेवेचे आकडे, मग लीड टाइम (माल मागवल्यापासून हातात येईपर्यंतचा वेळ), आणि सेफ्टी स्टॉकला हात सर्वात शेवटी. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट्या टोकापासून सुरू होतं, कारण सेफ्टी स्टॉक खुर्चीवर बसून बदलता येतो.

तुटवडा कोणत्या जातीचा?

गेल्या महिन्यात कमी गेलेल्या सगळ्या ओळी एका शीटवर काढा. ओळी म्हणजे ऑर्डरमधल्या ओळी, अख्ख्या ऑर्डरी नव्हे. प्रत्येकीसमोर तीनच गोष्टी हव्यात: त्या क्षणी सिस्टिममध्ये किती शिल्लक दिसत होती, पीओ उघडा होता का आणि माल कधी यायचा होता, आणि ती वस्तू शेवटची प्रत्यक्ष कधी मोजली होती.

एवढ्यावरून ढीग आपोआप वेगळे होतात. सिस्टिम म्हणते माल आहे पण बिन (रॅकवरचा त्या वस्तूचा ठरलेला खण) रिकामा, तर दोष नोंदीचा. शिल्लक शून्य, पीओ उघडा, तारीख उलटून गेलेली, तर दोष लीड टाइमचा. शिल्लक शून्य आणि पीओच नाही, तर रिऑर्डर लेव्हल (शिल्लक जिथवर उतरली की नवी ऑर्डर काढायची ती पातळी) किंवा मागणीचा अंदाज चुकलाय. चौथा ढीग हमखास विसरला जातो: माल आवारात आहे, पण आवक विभागात पडून, क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) होल्डवर, किंवा दुसऱ्याच ऑर्डरसाठी राखून ठेवलेला. इथे खरेदी वाढवून काहीही होणार नाही.

अडचण अशी की बऱ्याच सिस्टिम 'त्या क्षणीची शिल्लक' जपून ठेवत नाहीत. आज पाहिलं तर आजचीच दिसते. तेव्हा आजपासून पिकरकडून, म्हणजे रॅकवरून माल काढणाऱ्याकडून, कारण नोंदवून घ्यायला सुरुवात करा. कारणांची यादी चार-पाचांच्या पुढे नको. 'इतर' हा पर्याय सगळ्यात वर ठेवला तर महिन्याअखेर तुमच्या हातात 'इतर'चा सुंदर आलेख येईल, बाकी काही नाही.

हे चार ढीग बहुधा सारखे नसतात. एक मोठा निघतो. तिथून सुरू करा.

नोंदीचा दोष: स्क्रीनवर ३६, बिनमध्ये शून्य

यावर जरा जास्त थांबतो, कारण बाकी सगळे आकडे याच पायावर उभे असतात. निकोल डिहोरेशियस आणि अनंत रामन या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या किरकोळ साखळीच्या ३७ दुकानांतल्या सुमारे ३,७०,००० साठा-नोंदी तपासल्या होत्या. २००८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६५ टक्के नोंदी प्रत्यक्षाशी जुळत नव्हत्या. तिथेही बारकोड होते आणि संगणकही.

भूत-साठा म्हणतात तो प्रकार बघा कसा चालतो. एका वस्तूची सिस्टिममध्ये शिल्लक ३६, रिऑर्डर लेव्हल २४. प्रत्यक्षात बिन रिकामा. ३६ हे २४ पेक्षा जास्त, म्हणून पीओ निघत नाही. माल नाही म्हणून जावक होत नाही. जावक नाही म्हणून शिल्लक ३६ वरच गोठते आणि २४ ला कधीच पोचत नाही. महिनाभराने अंदाज काढणारं सॉफ्टवेअर बघतं की मागणी शून्य, आणि रिऑर्डर लेव्हल आणखी खाली आणतं. दोष स्वतःला बरा करत नाही, उलट स्वतःला लपवतो. कोणीतरी जाऊन बिनमध्ये हात घालेपर्यंत ही वस्तू आढाव्यात 'साठा पुरेसा' म्हणून हिरवीच दिसते.

हे भूत पकडायला सगळं गोदाम मोजायची गरज नाही. एक रिपोर्ट पुरतो: शिल्लक शून्यापेक्षा जास्त, पण नेहमी हलणारी वस्तू अचानक थांबलेली. मागणी सुटी-सुटी, आपापल्या वेळी येत असेल तर रोज सरासरी १ नग जाणारी वस्तू सलग ५ दिवस अजिबात न जाण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी असते. म्हणजे असं दिसलं की योगायोग म्हणून सोडायचं नाही, माणूस पाठवून बघायचं. महिन्याला दोन-तीन नग जाणाऱ्या वस्तूला हा नियम अर्थातच लागू नाही; तिथे पंधरा दिवस शांतता हीच रीत.

आता मोजणीत तफावत सापडली की बहुतेक ठिकाणी ॲडजस्टमेंट एंट्री टाकून विषय बंद करतात. ही खरी चूक. तफावतीचा आकडा स्वतःच बोलतो, तो पुसण्याआधी वाचायला हवा.

दोन शेजारच्या वस्तूंमध्ये एकीत ७ कमी आणि दुसरीत ७ जास्त निघाले, तर पिकिंग उलटसुलट झालंय किंवा एकाच डब्याचा बारकोड दोघांसाठी वाजवलाय. एकाच वस्तूचे दोन रंग किंवा दोन मापं असली की आवक विभागात घाईत एकच स्कॅन करून सात वेळा मोजतात, त्याचीही सही अशीच दिसते. तफावत १२ च्या पटीत असेल आणि खोकं १२ नगांचं असेल, तर अख्खी खोकी कुठेतरी बिननोंदीची पडलीत. पण तफावत ११ च्या पटीत आली तर कान टवकारा: १० खोकी आली, म्हणजे १२० नग, आणि कोणीतरी नगांच्या रकान्यात १० टाकले. फरक ११०. खोकं-नग गोंधळाची ही खूण आहे, आणि ती मोजणीत नाही, आयटम मास्टरमधल्या (वस्तूंच्या मूळ यादीतल्या) एककात दुरुस्त करावी लागते.

प्रत्यक्ष माल सतत कमीच निघत असेल तर नोंद न झालेली मोडतोड, सॅम्पलला गेलेले नग किंवा चोरी. सतत जास्तच निघत असेल तर परत आलेला माल एंट्रीशिवाय रॅकवर चढतोय. आणि तफावत कधी इकडे कधी तिकडे, पण दर महिन्याच्या त्याच दिवसांत, तर मोजणी चालू असताना जावकही चालू होती. तो दोष साठ्याचा नाही, मोजणीच्या वेळेचा आहे.

अचूकतेचा आकडा काढतानाही एक सापळा आहे. हिशेब विभाग निव्वळ तफावत बघतो. एका वस्तूत ५० जास्त, दुसरीत ५० कमी, किंमत सारखी, म्हणजे निव्वळ फरक शून्य, ताळेबंद खूश. डिस्पॅचसाठी मात्र दोन्ही नोंदी चुकीच्या, आणि त्यातली एक उद्या ऑर्डर अडवणार. म्हणून अचूकता रकमेत मोजू नका. तपासलेल्या नोंदींपैकी किती नोंदी ठरलेल्या मर्यादेत जुळल्या, एवढंच मोजा, आणि तेही बिननिहाय. 'गोदामात कुठेतरी आहे' ही जुळणी नव्हे. पिकर ज्या बिनपाशी जातो तिथे माल हवा.

वर्षाअखेरची एक मोठी मोजणी या कामाची नाही. रोज थोड्या वस्तू, जोरात हलणाऱ्या जास्त वेळा, अशी सायकल काउंटची पद्धत लावा. मोजणीला सर्वात स्वस्त क्षण म्हणजे शिल्लक शून्यावर किंवा त्याच्या जवळ आली की: रिकामा बिन मोजायला काही सेकंद लागतात. नकारात्मक शिल्लक दाखवणारी प्रत्येक वस्तू त्याच दिवशी मोजायची, त्यात चर्चा नको.

फिल रेट ९५, तरी ग्राहक ओरडतो

नोंदी बऱ्यापैकी जुळायला लागल्या की सेवेच्या आकड्याकडे या. ९५ टक्के फिल रेट म्हणजे कशाचे ९५ टक्के? नगांचे, ओळींचे की ऑर्डरींचे? तिन्हींची उत्तरं फार वेगळी असतात.

प्रत्येक ओळ पूर्ण जाण्याची शक्यता ९५ टक्के धरा आणि ओळी एकमेकींवर अवलंबून नाहीत असं समजा. ५ ओळींची ऑर्डर पूर्ण जाण्याची शक्यता साधारण ७७ टक्के. १० ओळींची जवळपास ६० टक्के. म्हणजे तुमच्या अहवालातला ९५ खरा आहे आणि दहा ओळींची ऑर्डर देणारा ग्राहक दर पाचांतल्या दोन ऑर्डरी अपुऱ्या मिळाल्या म्हणतो, तेही खरं आहे. ग्राहक ओळी मोजत नाही, आलेल्या गाडीत काय नाही ते मोजतो.

नगांवर काढलेला फिल रेट तर आणखी फसवा. एक मोठी ऑर्डर १०,००० नगांची पूर्ण गेली की दहा-दहा नगांच्या पन्नास ओळी पूर्ण बुडाल्या तरी आकडा ९५ च्या वर राहतो.

वेळेवर, पूर्ण, न मोडता आणि बिनचूक कागदांसह, अशी चारही अंगं गुणून बघितली की चित्र स्वच्छ होतं. ९८, ९७, ९९ आणि ९८ टक्के हे चारही आकडे सुटे पाहिले तर कोणाचीही मान ताठ होईल. गुणाकार येतो साधारण ९२. शंभरातल्या आठ ऑर्डरींत काही ना काही खोट.

पण आकडा काढायच्या आधी भागाकारातला खालचा भाग तपासा. रद्द झालेल्या ऑर्डरी मोजणीतून गळतात का? माल नाही म्हणून ग्राहकाने स्वतःच रद्द केली, तर ती गळायला नको. तीच तर खरी तक्रार आहे. उशीर होणार दिसला की विक्रीवाला सिस्टिममध्ये वचनाची तारीख पुढे ढकलतो का? ढकलत असेल तर 'वेळेवर' हा शब्दच निकामी झाला; ग्राहकाने मागितलेली मूळ तारीख वेगळ्या रकान्यात गोठवून ठेवा आणि तिच्याशीच तुलना करा. आणि 'वेळेवर' म्हणजे गाडी आपल्या गेटातून सुटली ती वेळ, की माल ग्राहकाकडे उतरला ती? वाहतूकदाराच्या डिलिव्हरीच्या पुराव्यावरची वेळ घ्या. गेटातून सुटण्याची वेळ आपल्या सोयीची असते, एवढंच तिचं महत्त्व.

लीड टाइम: सरासरी ९ दिवस म्हणजे काय?

तुटवड्याचा मोठा ढीग 'पीओ उघडा, माल उशिरा' असा निघाला असेल तर इथे वेळ घालवणं सार्थकी लागतं.

पहिली गोष्ट, घड्याळ कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं. सिस्टिम बहुधा पीओची तारीख ते गेटवरची आवक एवढंच मोजते. प्रत्यक्षात मागणी लक्षात आल्यापासून पीओ मंजूर होईपर्यंत दोन-तीन दिवस जातात, आणि गेटात आल्यापासून बिनमध्ये चढेपर्यंत आणखी काही. विकता येण्याजोगा माल तेव्हाच झाला जेव्हा तो बिनमध्ये आला.

आवक विभागातला हा शेवटचा उशीर मोजायला घड्याळही लागत नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला साधा नियम आहे: रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले रांगेतला सरासरी वेळ. आवक विभागात सरासरी ६० पॅलेट उभी दिसतात आणि दिवसाला २० चढतात, तर प्रत्येक पॅलेट तिथे सरासरी ३ दिवस काढतंय. पुरवठादाराशी भांडून एक दिवस वाचवण्याआधी हे तीन दिवस आपल्याच आवारात पडलेत, हे बघायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट, तुकड्यातुकड्यांनी येणारा माल. ५०० नगांची पीओ, आठव्या दिवशी ५० आले, उरलेले ४५० तेविसाव्या दिवशी. काही सिस्टिम पहिल्या पावतीवर घड्याळ थांबवतात आणि ८ दिवस लिहितात. पुरवठादारांनाही हे पक्कं ठाऊक असतं. शिवाय अजून न आलेल्या, तारीख उलटून गेलेल्या पीओ सरासरीत येतच नाहीत, कारण त्या बंद झालेल्या नाहीत. म्हणजे सगळ्यात वाईट उदाहरणंच हिशेबाबाहेर. उघड्या पीओंचं वय दर आठवड्याला वेगळं बघा.

तिसरी गोष्ट खरी महाग: चढउतार. समजा रोजची सरासरी मागणी ४० नग, तिचं स्टँडर्ड डेव्हिएशन (विचलन, म्हणजे सरासरीपासून किती मागेपुढे होते त्याचं माप) १०. लीड टाइम सरासरी ९ दिवस. बरेच जण सेफ्टी स्टॉक फक्त मागणीच्या चढउतारावर काढतात: ९ चं वर्गमूळ गुणिले १०, म्हणजे ३०, ९५ टक्के सेवेसाठी १.६५ ने गुणलं की सुमारे ५० नग. रिऑर्डर लेव्हल ३६० अधिक ५०, म्हणजे ४१०.

पण माल कधी ६ दिवसांत येतो, कधी १२ दिवसांत. लीड टाइमचं स्टँडर्ड डेव्हिएशन ३ दिवस आहे. तेव्हा पूर्ण हिशेब असा: लीड टाइम गुणिले मागणीच्या विचलनाचा वर्ग, म्हणजे ९००, अधिक सरासरी मागणीचा वर्ग गुणिले लीड टाइमच्या विचलनाचा वर्ग, म्हणजे १,६०० गुणिले ९, १४,४००. बेरीज १५,३००, तिचं वर्गमूळ सुमारे १२४, गुणिले १.६५, म्हणजे साधारण २०४ नग. कुठे ५० आणि कुठे २०४. बाराव्या दिवशी माल आला तर तोवर ४८० नग लागलेले असतात आणि तुम्ही ४१० वर निर्धास्त बसलेले. तुटवडा ठरलेलाच होता. ५० वर २० टक्के वाढवून ६० केले तरी काय फरक पडणार?

आता त्याच १५,३०० कडे पुन्हा बघा: १४,४०० एकट्या लीड टाइमच्या बेभरवशामुळे आहेत. पुरवठादाराचं विचलन ३ दिवसांवरून १ दिवसावर आलं, सरासरी ९ च राहिली, तरी बेरीज २,५०० होते, वर्गमूळ ५०, आणि सेफ्टी स्टॉक सुमारे ८३. सरासरी न बदलता साठा निम्म्याहून कमी. म्हणून पुरवठादाराशी बोलताना 'लवकर द्या' पेक्षा 'सांगितलेल्या दिवशी द्या' हे जास्त मोलाचं. माझं मत विचाराल तर ९ दिवसांत बेभरवशाने देणाऱ्यापेक्षा ११ दिवसांत नेमका देणारा बरा.

दोन सावधगिऱ्या. या सूत्रातले ९५ टक्के म्हणजे शंभर वेळा माल मागवला तर ९५ वेळा नवा माल येईपर्यंत साठा संपणार नाही. तो फिल रेट नव्हे, दोघांची गल्लत करू नका. आणि हे सूत्र रोज नियमित हलणाऱ्या वस्तूंसाठी आहे. महिनाभर काही नाही आणि एकदम ४० नग, अशा तुटक मागणीसाठी ते चालत नाही. त्यासाठी क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत पाहा, ज्यात मागणीचा आकार आणि दोन मागण्यांमधलं अंतर वेगवेगळं मोजतात.

५२ दिवसांच्या सरासरीत दडलेलं

उलाढाल, म्हणजे विकलेल्या मालाची किंमत भागिले सरासरी साठा, ही वर्षाला ७ आली की साठा ५२ दिवसांचा. ऐकायला ठीक. पण विक्रीचा ८० टक्के भाग देणाऱ्या वस्तूंचा साठा १२ दिवसांचा आणि उरलेल्या २० टक्क्यांचा २१२ दिवसांचा असेल, तरी सरासरी ५२ च येते. म्हणजे गुंतलेल्या पैशातला चार पंचमांशाहून जास्त भाग हळू हलणाऱ्या मालात, आणि धावणाऱ्या वस्तूंना १२ दिवसांचा आधार, ज्यांचा माल कधीकधी बाराव्या दिवशीच येतो. भरलेलं गोदाम आणि रिकामा बिन एकाच वेळी कसे, त्याचं उत्तर इथेच आहे. ही फोड दर महिन्याला काढा. एकत्रित उलाढालीचा आकडा फक्त बँकेला दाखवायला ठेवा.

आणि साठा महिन्याच्या शेवटच्या दिवशी मोजू नका. त्या दिवशी सगळे डिस्पॅच रेटतात आणि आवक गेटाबाहेर थांबवतात, त्यामुळे तो महिन्यातला सर्वात सडपातळ दिवस असतो.

आकडाच रोग लावतो तेव्हा

अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की मोजमापालाच लक्ष्य केलं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. गोदामात याचे अवतार पुष्कळ. खरेदी विभागाला फक्त दर कमी करण्याचं लक्ष्य दिलं तर तो मोठमोठ्या लॉटमध्ये घेतो आणि भुर्दंड स्टोअर भरतं. पिकिंगला ताशी ओळींचं लक्ष्य दिलं तर चुकीचे नग भराभर निघतात. वाहतुकीला गाडी पूर्ण भरण्याचं लक्ष्य दिलं तर अर्धी गाडी दोन दिवस वाट बघते. म्हणून आकडे जोडीने द्या: ताशी ओळींसोबत पिकिंगची अचूकता, खरेदी दरासोबत साठ्याचे दिवस, गाडीच्या भरण्यासोबत वेळेवर पोचण्याचं प्रमाण. जोडीतला एक सुधारला आणि दुसरा ढासळला तर बक्षीस नाही.

तुटवड्याच्या भीतीने विक्रीवाले फुगवून मागणी टाकायला लागले तर आणखी एक चक्र सुरू होतं. संशोधक जे फॉरेस्टर यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९५० च्या दशकाअखेरीस दाखवलं की ग्राहकाकडचा छोटा चढउतार साखळीत मागे मागे जाताना मोठा होत जातो. तो तुमच्याकडे किती वाढतोय ते मोजता येतं: तुमच्या पुरवठादाराला गेलेल्या ऑर्डरींचा चढउतार भागिले तुमच्याकडे आलेल्या मागणीचा चढउतार. उत्तर १ पेक्षा बरंच जास्त असेल तर ग्राहक शांत आहे, हलवाहलव तुम्हीच करताय.

दुरुस्ती लागू पडली का, कसं कळणार?

बहुतेक उपाय इथे वाया जातात. एका आठवड्यात कमी गेलेल्या ओळी घटल्या की टाळ्या, पुढच्या आठवड्यात वाढल्या की खुलासा मागवा. दोन्हींत अर्थ नाही.

समजा गेल्या आठ आठवड्यांत कमी गेलेल्या ओळी अशा: १४, १९, ११, १६, १३, २०, १५, १२. सरासरी १५. लागोपाठच्या आठवड्यांतला फरक ५, ८, ५, ३, ७, ५, ३. त्यांची सरासरी सुमारे ५.१. तिला २.६६ ने गुणा, येतात साधारण १३.७. म्हणजे तुमच्या पद्धतीचा नेहमीचा पट्टा साधारण १ ते २९. त्यामुळे २० ओळींचा आठवडा ही बातमी नाही आणि १२ चाही पराक्रम नाही. दोन्ही त्याच यंत्रणेतून आलेत. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये कारखान्यासाठी काढलेला नियंत्रण आलेख याच कामाचा, आणि तो गोदामाला तितकाच लागू पडतो. ३४ आला तर त्या आठवड्यात काय वेगळं घडलं ते शोधा. सलग आठ आठवडे १५ च्या खाली राहिले तर दुरुस्ती खरी लागू पडली, तेव्हा पट्टा नव्याने काढा.

एका वेळी एकच बदल करा. एककं दुरुस्त केली, त्याच आठवड्यात सेफ्टी स्टॉक वाढवला आणि नवा पुरवठादारही घेतला, तर आकडा खाली आला तरी कशामुळे ते कोणालाच सांगता येणार नाही, आणि पुढच्या खेपेला पुन्हा सगळंच करावं लागेल.

इतकं करूनही काही वस्तू यादीत चिवटपणे उरतात. त्या बहुधा एकतर पुरवठादाराच्या किमान ऑर्डरीच्या अटीत अडकलेल्या असतात, किंवा वर्षातून चार-सहा वेळाच लागणाऱ्या. पहिल्या प्रकारात त्याच पुरवठादाराच्या दोन-तीन वस्तूंची एकत्र ऑर्डर आणि एकच ठरलेला वार लावून बघा. दुसऱ्या प्रकारात साठा ठेवण्याचा हट्ट सोडून त्या 'मागणीवर मागवू' यादीत टाका, सिस्टिममधली रिऑर्डर लेव्हल शून्य करा, आणि ऑर्डर घेतानाच ग्राहकाला खरा लीड टाइम सांगा. मग त्या फिल रेटच्या हिशेबातून वेगळ्या काढून फक्त दिलेल्या तारखेला पोचल्या की नाही यावर मोजा.